रिलिव्हर

वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये माझी एकतीस वर्षं गेली. आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या. तिथला एक नियम कुठल्या फलकावर लिहिलेला नव्हता, पण काल कामाला लागलेल्या पोरालाही माहीत असायचा: रिलिव्हर आल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. पुढच्या पाळीचा माणूस येणार, लॉगबुक वाचणार, पॅनेलवरून नजर फिरवणार, दोन प्रश्न विचारणार, सही करणार. मग तुम्ही उठायचं. तो आलाच नाही तर तुमची डबल ड्यूटी. पोटात कळ येवो की डोळे मिटोत, खुर्ची रिकामी राहत नाही.

निवृत्तीनंतर हे सगळं मागे पडलं होतं. आठवलं ते गेल्या वर्षी, मुलाच्या घरी, पहाटे सव्वातीनला पाणी प्यायला उठलो तेव्हा. सून भिंतीला टेकून उभी होती. खांद्यावर अकरा दिवसांची नात, गाढ झोपलेली. सुनेचे डोळे उघडे होते, पण बघत नव्हते.

“खाली ठेवलं की उठते,” ती कुजबुजली.

“केव्हापासून उभी आहेस?”

तिनं आठवून पाहिलं. सांगता येईना.

“तुझा रिलिव्हर कोण?” माझ्या तोंडून निघून गेलं. तिला शब्द कळला नाही, ती कसनुसं हसली. मी हात पुढे केले. खरं सांगायचं तर एवढं लहान बाळ मी आयुष्यात दोन-तीनदाच घेतलं असेन, तेही बसून, कुणीतरी मांडीवर ठेवलं म्हणून. मानेखाली हात कसा धरायचा ते तिनं दाखवलं आणि ती आत गेली. नात माझ्या खांद्यावर पाऊण तास झोपली. मी त्याच भिंतीला टेकून उभा राहिलो. हलायची हिंमत नव्हती.

त्याआधी सहा दिवस आम्ही दोघं, मी आणि ही, त्या घरात होतो. मदतीला म्हणून आलो होतो. पण त्या सहा दिवसांत मी जे करत होतो त्याला आमच्या नोकरीत वेगळं नाव होतं: साहेबांचा राउंड. साहेब यायचे, पॅनेलसमोर उभे राहायचे, “हे रीडिंग असं का?” विचारायचे आणि निघून जायचे. ते गेल्यावर काम होतं तेवढंच असायचं, वर छातीत धडधड. मीही तसाच फिरत होतो. “टोपी घातली नाही का हिला?” “आत्ताच तर पाजलं होतं ना?” “दिवसा फार झोपू देऊ नका, रात्री जागेल.” यातलं एकही वाक्य मी रागानं म्हटलं नव्हतं. सुनेला प्रत्येकाचं उत्तर मात्र द्यावं लागत होतं.

आणि ते शेवटचं वाक्य तर चुकीचंच होतं. नवजात बाळाला दिवस-रात्र कळत नाही. शरीरातलं ते घड्याळ लागायला दोन-तीन महिने जातात. बाळ चोवीस तासांत १४ ते १७ तास झोपतं हे ऐकायला छान वाटतं, पण ती झोप येते दोन-तीन तासांच्या तुकड्यांत, आणि त्यातच ८ ते १२ वेळा पाजायचं असतं. दिवसा जागं ठेवलं की रात्री झोपेल, हे मोठ्या माणसांचं गणित. अति दमलेलं बाळ उलट जास्त किरकिरतं.

आमचा अनुभव नुसता अपुरा नव्हता, शिळा होता. आमचा मुलगा १९९० सालचा. त्याला आम्ही कुशीवर, कधी पालथंही झोपवायचो. दूध उलटलं तर घशात अडकू नये, असं तेव्हा सगळे सांगायचे. त्यानंतर एक-दोन वर्षांतच ब्रिटन आणि न्यूझीलंडमध्ये, आणि १९९४ मध्ये अमेरिकेत, बाळाला पाठीवर झोपवण्याच्या मोहिमा सुरू झाल्या. झोपेत अचानक होणारे बाळमृत्यू तिथे जवळजवळ निम्म्यावर, काही ठिकाणी त्याहूनही खाली आले. पाठीवर, सपाट आणि टणक गादीवर, आजूबाजूला काही नाही. सुनेला हे पाठ होतं. हिनं पहिल्याच दिवशी बाळाच्या दोन्ही बाजूंना मऊ उशा लावल्या, सुनेनं त्या काढल्या, आणि घरात अर्धा दिवस कुणी कुणाशी धड बोललं नाही. चूक आमची होती. हे मान्य करायला मला चार दिवस लागले, हिला पाच.

हिच्या हातांबद्दल मात्र सांगायला हवं. रडणारं कुठलंही मूल हिच्याकडे द्या, दोन मिनिटांत गप्प. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी नात चाळीस मिनिटं रडत होती. सून फेऱ्या मारत होती, गुणगुणत होती, पाजून बघत होती, पुन्हा फेऱ्या. शेवटी ही उठली, “आण इकडे,” म्हणाली, बाळाला हातावर पालथं घेतलं, पाठीवर तळवा टेकवला, आणि आवाज बंद. आम्ही सगळे हसलो. सूनही हसली. मग ती बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ नळ चालू राहिला.

रात्री मी हिला म्हटलं, “तिला लागलं असावं.” मला वाटलं ही चिडेल. ही छताकडे बघत राहिली.

“तुमच्या आई माझ्या हातातून असंच घ्यायच्या,” ही म्हणाली. “रोज. ‘आण इकडे, तुला नाही जमायचं.’ आणि त्यांना जमायचं हो. तेच तर वाईट होतं.”

इतक्या वर्षांत हे मी पहिल्यांदा ऐकत होतो.

दुसऱ्या दिवसापासून हिनं फार अवघड गोष्ट केली. हात मांडीखाली घालून बसायला शिकली. अगदी अक्षरशः. बाळ रडायला लागलं की सुनेशेजारी जाऊन बसायची, पण बाळ मागायची नाही. “तू बोललीस की तुझ्याकडे वळते बघ,” एवढंच म्हणायची. ते उगाच केलेलं कौतुक नव्हतं. पोटात असताना ऐकलेला आईचा आवाज बाळ जन्मल्यापासूनच ओळखतं. पण आई इतकी दमलेली असते की ते वळणं तिला दिसत नाही. दुसऱ्या कुणीतरी दाखवावं लागतं. हातावर पालथं घ्यायची युक्ती हिनं बाळ सुनेच्याच हातात ठेवून शिकवली: कोपर जरा वर, तळवा इथे. चार दिवस जमलं नाही. बाळ रडायचं आणि आम्ही ऐकत बसायचो, आणि एवढे कौशल्यवान हात शेजारी असताना ते ऐकत बसणं हा मला शुद्ध वेडेपणा वाटायचा. पाचव्या दिवशी जमलं. त्या दिवशी सून एकटीच हसली, आम्हाला पाठमोरी होऊन.

चांगला रिलिव्हर पॅनेलची मांडणी बदलत नाही. आठ तासांनी खुर्ची परत करायची असते, आणि परत घेणाऱ्याला ती आपलीच वाटली पाहिजे. हिनं कंट्रोल रूमचं तोंडही पाहिलेलं नाही, पण हे तिला माझ्या आधी समजलं.

भेटायला येणाऱ्यांची गोष्ट निराळी. येणारी सगळी चांगली माणसं. निघताना सगळी म्हणायची, “काही लागलं तर नक्की सांगा हं.” मीही हे वाक्य जन्मभर कितीतरी घरांत म्हटलंय आणि कर्तव्य झालं अशा समाधानात जिने उतरलोय. दाराच्या आतून ऐकल्यावर कळलं की हे वाक्य म्हणजे आणखी एक काम आहे. काय लागतंय ते शोधा, कुणाला काय जमेल ते ठरवा, संकोच गिळा, फोन करा. सकाळी दात घासले की नाही हे जिला दुपारी आठवत नाही, तिनं हे करायचं. अर्थातच कुणी फोन करत नाही.

एक शेजारीण वेगळी होती. ती बेल वाजवायची नाही, मेसेज करायची: “खाली जातेय. कचरा दाराबाहेर ठेवलात तर नेते. उत्तर द्यायची गरज नाही.” त्या तीन महिन्यांत मी ऐकलेलं सर्वांत सुसंस्कृत वाक्य हे शेवटचं. एकदा दारात गाठून मी विचारलं, “बाळाला बघायचं नाही का?” “बाळ कुठे पळून जातंय,” म्हणाली आणि पिशवी उचलून गेली.

मग दारावरची ड्यूटी मी अंगावर घेतली. सर्दी-खोकला असेल तर आज नको. आधी हात धुवा. वीस मिनिटं झाली की माझं मोठ्यानं खाकरणं. ‘आजोबा फार कडक आहेत’ अशी ख्याती झाली. ती माझीच झालेली बरी. हेच सुनेनं सांगितलं असतं तर लोकांनी ते दहा वर्षं लक्षात ठेवलं असतं.

नेदरलँड्समध्ये हे नशिबावर सोडलेलं नाही. तिथे क्रामझोर्ख नावाची व्यवस्था आहे. बाळंतपणानंतर साधारण पहिला आठवडाभर प्रशिक्षित व्यक्ती घरी येते, दिवसाचे काही तास थांबते, आई-बाळाची तब्येत बघते, पाजायला-न्हाऊ घालायला शिकवते आणि जोडीनं घरातलं हलकं कामही उचलते. आरोग्य विम्यातच ते येतं. शिकवणारीच झाडूही हातात घेते, हे मला त्यातलं सर्वांत आवडलेलं. नुसतं शिकवणाऱ्यांचा तुटवडा जगात कुठेच नाही.

तिसऱ्या आठवड्यात एक वाक्य आलं. एका ज्येष्ठ बाईंनी बाळाचं रडणं ऐकून सहज म्हटलं, “दूध पुरत नसेल.” त्या गेल्या, वाक्य मुक्कामाला राहिलं. रात्री सून बाळापेक्षा जास्त रडली.

इथे मात्र माझी नोकरी उपयोगी पडली. मी विचारलं, चोवीस तासांत नॅपी किती ओल्या होतात? कुणालाच माहीत नव्हतं. पाच-सहा दिवसांनंतर दिवसाला सहा किंवा जास्त ओल्या नॅपी आणि वाढतं वजन, म्हणजे दूध पोचतंय. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन ७ ते १० टक्क्यांपर्यंत उतरू शकतं आणि दोन आठवड्यांच्या सुमारास भरून येतं. नातीचं बाराव्या दिवशीच भरून आलं होतं. तपासणीच्या कागदावर लिहिलेलं होतं, वाचलं कुणी नव्हतं. मी एका वहीत दोन दिवस रेघा मारल्या. आठ, मग नऊ. वही सुनेसमोर ठेवली आणि म्हटलं, “पुरतंय.”

बाळ जितकं ओढतं तितकं दूध तयार होतं. त्यामुळे पुरत नसल्याच्या धास्तीनं वरचं दूध सुरू केलं की बाळ कमी ओढतं आणि मग ते खरोखरच कमी पडायला लागतं. ज्यांना खरंच कमी पडतं, किंवा पाजणं जमत नाही, किंवा नको असतं, त्यांनी डब्याचं दूध द्यावं. त्यात लाजण्यासारखं काय आहे? फक्त तो निर्णय वजनकाट्याशेजारी, डॉक्टरांशी बोलून व्हावा. पाहुण्यांच्या खुर्चीवरून नको.

(त्या वहीचा मला फार अभिमान वाटला होता. ती पुढे महागात पडली.)

सहाव्या आठवड्यात रडणं शिगेला पोचलं. संध्याकाळी साडेसहाला सुरू, नऊला बंद, रोज, नातीलाही पाळी लावून दिल्यासारखं. टी. बेरी ब्राझेल्टन या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी ८० निरोगी बाळांच्या आयांकडून रडण्याच्या रोजच्या नोंदी ठेवून घेतल्या आणि १९६२ मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. सहाव्या आठवड्याच्या सुमारास बाळं सर्वांत जास्त रडत होती, दिवसाला साधारण पावणेतीन तास, त्यातही संध्याकाळी. नंतर आपोआप कमी. निरोगी बाळं, कुणाचं काहीही न चुकलेली घरं. हे सुनेला वाचून दाखवल्यावर ती घड्याळ लावायला लागली. “आज अडीचच तास,” ती एकदा विजयी मुद्रेनं म्हणाली.

तेव्हाच मी फ्रिजवर एक कागद चिकटवला. तीनच ओळी. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप: वाट न बघता डॉक्टर. बाळाला कधीही गदागदा हलवायचं नाही, कितीही वैताग आला तरी. आपलं डोकं फिरायला लागलं तर बाळाला पाळण्यात पाठीवर ठेवा, दार ओढून घ्या आणि दहा मिनिटं बाहेर जा; तेवढ्या रडण्यानं बाळाला काही होत नाही.

तिसरी ओळ लिहीत होतो तेव्हा मुलगा शेजारी उभा होता.

“असं खरंच चालतं?” त्यानं विचारलं.

“चालतं,” मी म्हटलं आणि चिकटपट्टी कापली. तो प्रश्न मी नुसता कानांनी ऐकला.

दोघांची भांडणं होत होती. म्हणजे भांडण एकच, रोज नव्या निमित्तानं: काल कोण जास्त झोपलं. ई. ई. लेमास्टर्स नावाच्या समाजशास्त्रज्ञानं १९५७ मध्ये ४६ जोडप्यांच्या मुलाखतींवर एक अभ्यास लिहिला. त्यातल्या ३८ जोडप्यांनी पहिलं मूल आल्यानंतरचा काळ मोठं किंवा गंभीर संकट होता असं सांगितलं. मूल त्यांतल्या बहुतेकांना हवं होतं, बरं का. पुढे १९६८ मध्ये ॲलिस रॉसी यांनी म्हटलं की याला ‘संकट’ म्हणणं सोडा, हे स्थित्यंतर आहे, आणि ते इतकं अवघड का जातं हेही सांगितलं: आधी शिकाऊपण नाही, जबाबदारी पहिल्या दिवसापासून पूर्णच्या पूर्ण अंगावर येते, आणि परतीची वाट नाही. नोकरी सोडता येते, लग्न मोडता येतं. आई-बापपणाचा राजीनामा कुणी स्वीकारत नाही. आमच्याकडे नव्या माणसाला वर्षभर जुन्या माणसाशेजारी बसवायचे, मगच पॅनेलवर एकटं सोडायचे. तिथे फक्त टर्बाइन होतं.

मी पाळ्या लावून दिल्या. रात्री नऊला पाजलं की एकपर्यंत सून झोपणार. मधे भूक लागलीच तर बाळ तिच्याकडे न्यायचं, तिनं अर्धवट झोपेत पाजायचं, आणि ढेकर, नॅपी, झोपवणं माझ्याकडे. पहाटेची पाळी मुलाची. नॅपी बदलायला मी सहासष्टाव्या वर्षी शिकलो. पहिल्या दिवशी उलटी लावली. तपशील सांगत नाही. आणि चार्ज देता-घेताना दोघांनी पाच मिनिटं बसायचं: दोन मिनिटं बाळाचं, तीन मिनिटं बाळ सोडून काहीही. पहिल्या दिवशी ती तीन मिनिटं दोघं गप्प बसली. बाळ सोडून काही आठवेचना.

आता वहीचं.

माझी वही मुलानं फोनमध्ये नेली. प्रत्येक दूध, प्रत्येक नॅपी, मिनिटासकट, वर रंगीत आलेख. मला आपलं बरं वाटलं. बापाचा गुण घेतला म्हणून. दोन आठवड्यांची रजा संपून तो कधीच कामावर रुजू झाला होता. दहाव्या आठवड्यात नात रात्री सलग पाच तास झोपायला लागली. घर सैलावलं. सून गाणी म्हणायला लागली. आम्ही परतीचं बोलू लागलो.

एका रात्री दीड वाजता मी खोलीत डोकावलो तर मुलगा पाळण्यापाशी उभा. फोनचा उजेड, ओठ हलताहेत. श्वास मोजत होता.

“मधेच थांबतो, बाबा.”

तान्ह्या बाळाचा श्वास मिनिटाला ३० ते ६० असतो, आणि झोपेत पाच-दहा सेकंद थांबून पुन्हा सुरू होणं नेहमीचं असतं. हे मला त्यानंच सांगितलं होतं. माहीत असून तो मोजत होता.

“तू झोप. माझी पाळी आहे.”

“झोप येत नाही.”

रिलिव्हर समोर उभा असताना माणूस खुर्चीवरून उठत नसेल तर काहीतरी बिनसलेलं असतं. नोकरीत हे मी दोनदा पाहिलं होतं. झोपायला न मिळणं हा एक प्रश्न. मिळूनही न येणं हा दुसराच.

आमचं सगळ्यांचं लक्ष सुनेवर होतं. तिला तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उगाचच रडू यायचं. बाळंतपणानंतर संप्रेरकं एकदम उतरतात आणि निम्म्याहून जास्त आयांना असं होतं. दोन आठवड्यांत ते ओसरतं, तिचंही ओसरलं. त्यापुढे टिकलं किंवा वाढत गेलं तर तो आजार असू शकतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार बाळंतपणानंतर सुमारे १३ टक्के स्त्रियांना मानसिक आजार, मुख्यतः नैराश्य, गाठतं. हजारात एक-दोघींना भास होऊ लागतात, दिवसच्या दिवस झोप लागत नाही, बोलणं तुटक होतं. तिथे त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. हे सगळं मी वाचून ठेवलं होतं. वडिलांबद्दल काही वाचायचं असतं हेच डोक्यात नव्हतं. अनेक अभ्यास एकत्र करून २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात साधारण दहातल्या एका वडिलांमध्ये नैराश्य दिसलं होतं. सर्वांत जास्त तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात. म्हणजे मदतीला आलेली माणसं बॅगा भरतात तेव्हा.

सहा आठवड्यांच्या तपासणीला सुनेला एक फॉर्म भरायला दिला होता. स्कॉटलंडमध्ये तयार झालेला आणि १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेला, बाळंतपणानंतरचं नैराश्य हेरण्यासाठीचा हा एडिंबरा स्केल. दहा प्रश्न, सगळे गेल्या सात दिवसांबद्दल, प्रत्येकाला ० ते ३ गुण. तेरा किंवा जास्त झाले तर पुढे नीट तपासायचं. फॉर्म निदान करत नाही, डॉक्टरांचं दार तेवढं वाजवतो. सुनेचे पाच आले होते. मुलगा शेजारच्याच खुर्चीवर बाळाची पिशवी धरून बसला होता. त्याला कुणी काही विचारलं नाही. मीही नाही.

“कसा आहेस?” हे मी अजूनही विचारलं नाही, कारण ‘ठीक’ हे उत्तर आमच्या घराण्यात तयारच असतं. रविवारी सकाळी त्याला फिरायला नेलं. शेजारी-शेजारी चालताना तोंड बघावं लागत नाही, हे बरं. आणि मी माझं सांगितलं. तो झाला तेव्हा मी डबल ड्यूट्या मागून घ्यायचो. लोकांना वाटायचं, खर्च वाढलाय म्हणून. खरं म्हणजे मला घरी जायची भीती वाटायची. तिथल्या प्रत्येक यंत्राला मीटर होता. ह्याला नव्हता.

तो बराच वेळ चालला. मग म्हणाला, “मी तिला घेऊन खिडकीजवळ जात नाही, बाबा. हातून पडेल असं दिसतं. डोळ्यांसमोर दिसतं.”

मनात येणारी अशी नको ती चित्रं बहुतेक नव्या आई-बापांना दिसतात, आणि त्यांना घाबरणारा माणूस बाळाला इजा करणारा माणूस नसतो, हे डॉक्टरांनी त्याला नंतर नीट समजावलं. त्या सकाळी मला ते माहीत नव्हतं. मी फक्त म्हटलं, “मग खिडकीकडची पाळी माझी.” घरी येऊन त्यानं फॉर्मच्या दोन प्रती छापल्या, एक चुकली तर असावी म्हणून. चौदा आले. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल असतो. तिथे शून्य होतं. ते पाहून मी श्वास सोडला. सोमवारी डॉक्टर. मग दर आठवड्याला समुपदेशन, बरेच महिने. एकदम काही बदललं नाही. पहिली गोष्ट गेली ती फोनमधला आलेख. दुसरी, आमचं परतीचं तिकीट. आम्ही आणखी दीड महिना राहिलो. सुनेला त्यानं स्वतःच सांगितलं, पाळी बदलतानाच्या त्या तीन मिनिटांत. त्या रात्री ती तीन मिनिटं तासभर चालली.

निघायच्या आदल्या दुपारी घरात आम्ही दोघं आणि झोपलेली नात. ही टेबलावरचे कागद आवरत होती. फॉर्मची उरलेली कोरी प्रत तिच्या हाती लागली. चष्मा लावून तिनं ती वरपासून खालपर्यंत वाचली.

“गेल्या सात दिवसांत, असं लिहिलंय,” ही म्हणाली. “मी दुसरे सात घेते. हा दीड महिन्याचा होता, तुम्ही लागोपाठ रात्रपाळीला होतात, ते.”

हा फॉर्म तेव्हा तीन वर्षांचा जुना होता, असं माझ्या मनात आलं. बोललो नाही. हिनं पेन्सिल घेतली. पहिल्या प्रश्नावर जराशी हसली. सहाव्याला चष्मा काढून पुसला. दहाव्यावर पेन्सिल थांबली. मी खिडकीबाहेर बघत असल्यासारखं केलं, त्यामुळे खूण कुठे झाली ते मला दिसलं नाही. मग तिनं बोटांवर बेरीज केली, कोपऱ्यात आकडा लिहिला आणि कागदाची घडी घातली.

“किती?” मी विचारलं.

“राहू दे.”

आत नात कुरकुरली. ही सवयीनं उठायला लागली.

“बस,” मी म्हटलं. “मी घेतो.”

“रिलिव्हर आला वाटतं,” ही म्हणाली, आणि चष्मा काढून सोफ्यावर आडवी झाली.